पेन्सिलीनं लिहिणाऱ्या डॉक्टरीणबाई

इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या त्या डॉक्टरीणबाई मुलांच्या तपासणीचे कागद पेन्सिलीनंच लिहीत. माझी बहीण सात वर्षांची होऊनही बोलत नव्हती, म्हणून दर शनिवारी मी तिला त्यांच्याकडे नेई. बाई खुर्ची सोडून फरशीवर बसत, किल्ल्यांचा जुडगा तिच्यापुढे ठेवत आणि ती त्याला कधी हात लावते याची अर्धा अर्धा तास वाट पाहत.

मी तेव्हा सभांची पत्रकं वाटत हिंडायचो. माणसानं ठाम बोलावं, एवढंच मला कळत होतं. ती पेन्सिल मला भित्रेपणाची वाटे. एकदा तसं म्हणालोही.

"भिया, पोरगी दर महिन्याला बदलते," त्या हसून म्हणाल्या. "मला खोडावं लागतं ना."

एका शनिवारी वडील सोबत आले. बहिणीला वेड्यांच्या इस्पितळात कायमचं ठेवण्याचा फॉर्म त्यांनी आणला होता.

"सुधारणा अशक्य, एवढं लिहा और सही कर दीजिए," म्हणत त्यांनी आपलं पेन उघडून पुढं धरलं.

बाईंनी टेबलावरची पेन्सिल उचलली.

"पेन्सिल नहीं चलेगी. सरकारी कागद आहे."

"मग हे माझ्याकडून नाही होणार," बाई म्हणाल्या आणि पुन्हा फरशीवर बहिणीपाशी जाऊन बसल्या.

वडिलांनी फॉर्मची घडी करून कोटात ठेवली. जिना उतरताना म्हणाले, "इंदुरात डॉक्टर काय एकच आहे?"

मी बहिणीचा हात घट्ट धरला. शाईचं पेन तर शहरातल्या प्रत्येक डॉक्टरच्या खिशाला होतं.