बोंबलाच्या कालवणाची फाईल

मोरा बंदरावरून आमच्या सुकापूरच्या सोसायटीत मासळी घेऊन येणाऱ्या मावशी दोन महिने लेकीकडे राहायला जाणार होत्या. त्याआधी ओल्या बोंबलाचं कालवण शिकवून जा, असा बायकोने त्यांच्याकडे हट्ट धरला. नागपूरच्या मेहुणीलाही शिकायचं होतं, म्हणून शिकवणी व्हिडिओ कॉलवर ठरली. आमच्या स्वयंपाकघरात मावशींसमोर ओट्यावर बायकोचा मोबाईल उभा केला आणि बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन रेकॉर्डिंगला मी बसलो. द्रोणागिरीच्या एका गोदामात मी रोज मालाच्या याद्या टाइप करतो, एवढ्यावर घरात मी कॉम्प्युटरचा जाणकार ठरलोय.

एक फुकटचा स्क्रीन रेकॉर्डर उतरवून घेतला आणि लाल बटण दाबलं. तासाभराने बंद करून पाहतो, तर फोल्डरमध्ये दोन फायली. एक इवलीशी, नावापुढे कधी न पाहिलेली तीन अक्षरं. दुसरी अवाढव्य, नावात नुसते आकडे. ही दुसरी कचरा असणार असं ठरवून मी ती रिसायकल बिनमध्ये टाकली.

छोटी फाईल उघडायला गेलो, तर कशाने उघडू म्हणून कॉम्प्युटरच मला विचारू लागला. नोटपॅडने उघडली. चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच तारीख आणि वेळ.

"यात कालवण कुठंय?" बायकोने विचारलं.

"कन्व्हर्ट करावं लागेल," मी म्हणालो.

फाईलच्या शेपटाची अक्षरं पुसून तिथे व्हिडिओची अक्षरं लिहिली. व्हिडिओ चालेना. मग एका वेबसाइटवर चढवली. तिने बराच वेळ चक्र फिरवलं आणि माझ्या हाती पीडीएफ ठेवली. सहा पानं, सगळी चौकोनांची. मी ती गोदामातून छापूनही आणली. का, ते आजही सांगता येणार नाही.

लेकीकडे जाण्याआधी मंगळवारी मावशी मासळी घेऊन आल्या तेव्हा बायकोने ती पानं त्यांच्यापुढे धरली. "बघा मावशी, तुमची शिकवणी."

मावशींनी पानं उलटसुलट करून पाहिली. "ही नुसती चिठ्ठी हाय. टोपलीत काय हाय ते चिठ्ठीवर लिवतात. मासळी टोपलीत असते. टोपली कुठं हाय?"

मी लॅपटॉप उघडला. नोटपॅडमधल्या त्या चौकोनांच्या गर्दीत आकड्यांचं एक नाव होतं. मी फेकलेल्या फाईलचंच. ती रिसायकल बिनमधून परत आणली, छोटीच्या शेजारी ठेवली आणि रेकॉर्डरमध्येच कन्व्हर्टचं बटण दाबलं. हिरवी पट्टी पुढे सरकू लागली तशी बायको खुर्ची ओढून बसली. मावशीही टोपली बाजूला ठेवून बसल्या.

व्हिडिओ सुरू झाला. आवाज स्वच्छ होता. पण रेकॉर्डरने माझी अख्खी स्क्रीन टिपली होती आणि शिकवणीभर त्या स्क्रीनवर मी पत्ते खेळत होतो. मावशी कोपऱ्यात नखाएवढ्या दिसत होत्या.

"चमचा नाय घालाचा, टोप हलवाचा," नखाएवढ्या मावशी सांगत होत्या. तेवढ्यात माझी लाल राणी काळ्या राजावर जाऊन बसली.

बायको माझ्याकडे वळली. "तासभर तू हे करत होतास?"

"रेकॉर्डिंगवर लक्ष होतं," मी म्हणालो. इतकं दुबळं वाक्य मी लग्नाच्या बोलण्यांतही बोललो नव्हतो.

दुसरं काही नसल्यामुळे तोच व्हिडिओ मेहुणीला पाठवला. तिने त्यावरून कालवण केलं आणि ते चांगलं झालं. "भावोजी," तिने फोनवर सांगितलं, "राणी राजावर बसली की गॅस बारीक करायचा, असं मी लिहून ठेवलंय."

मावशींनी मात्र त्या दिवशी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. टोपली उचलताना फक्त एवढं म्हणाल्या, "ती सत्ती पयली हलवाची व्हती. मंग जिंकला असता तुमी."