उजवं मागचं चाक

पिकअप गोदामाच्या फाटकातून आत आली की आमचे ड्रायव्हरकाका लगेच पाणी प्यायला जात नसत. आधी गाडीभोवती एक फेरी मारत आणि चारही चाकांना मधोमध हाताची मागची बाजू टेकवून पाहत, ताप आलेल्या लेकराच्या कपाळाला लावावी तशी. मग माझ्या टेबलाशी येत.

"ताई, उजवं मागचं आजबी तापून राह्यलं."

मी म्हणायचे, "बरं. इथं सही करा."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. तो रोज तेच सांगतो. काही दिवसांनी त्याचं सांगणं डोक्यावरच्या पंख्यासारखं होतं. चालू आहे हे ठाऊक असतं, पण ऐकू येत नाही.

मी तेव्हा आदिलाबादला बियाण्यांच्या एका कंपनीचं गोदाम सांभाळत होते. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून इथलंच. शाळा तेलुगूत झाली, घरात मराठी. ते नोकरीवर आले त्या पहिल्याच दिवशी मी फोनवर आईशी बोलत होते. त्यांनी ते ऐकलं आणि फोन ठेवेपर्यंत दारातच उभे राहिले. "तुमी आपल्यातल्याच का? मंग म्याडम काऊन म्हणू? ताईच म्हणतो."

पन्नाशी ओलांडलेला, हाडकुळा, मिशी नीट कातरलेला माणूस. गाव नेरडीगोंड्याच्या बाजूला, हमरस्त्यापासून थोडं आत. अक्षर एवढंच येत होतं की स्वतःचं नाव काढता यावं, आणि तेही ते इतकं जपून काढत की सहीला मिनिटभर लागे. काम ठरलेलं होतं. खेड्यांतून बियाण्याचा कापूस भरायचा, भैंशाच्या जिनिंगला न्यायचा आणि तिथून सरकीची पोती घेऊन परत यायचं.

त्या पिकअपची एकच तक्रार होती. ती अॅव्हरेज देत नव्हती. कंपनीच्या दुसऱ्या गोदामांतल्या तशाच गाड्या लिटरमागे तेराच्या आसपास चालत. आमची नऊवर अडायची.

"काऊन बरं पेत असंन ही एवढं?" हा प्रश्न त्यांनी घरच्या माणसाच्या दुखण्यासारखा मनावर घेतला होता. कापसाच्या बोऱ्या, म्हणजे मोठी पोती, केबिनच्या वर हातभर जात. ते मला दोन्ही हात पसरून दाखवत, "हे पाहा ताई, वारा असा येऊन छातीवर बसते. गाडी वाऱ्याले ढकलत जाते." म्हणून ते बोऱ्या आडव्या लावून घेत आणि हमालांची बोलणी खात. रिकाम्या फेरीत ताडपत्री फडफडू नये म्हणून ती घडी करून सीटखाली ठेवत. गावाकडचे रस्ते दुसऱ्या गियरच्या वर जाऊ देत नाहीत, हेही त्यांनी मला समजावलं होतं. सेल्फ धरत नव्हता, त्यामुळे खेड्यात माल भरेपर्यंत गाडी चालूच ठेवावी लागे. "बंद केली तं मंग धक्का माराले अर्धं गाव बोलवा."

एकदा त्यांनी केबिनमधलं सगळं सामान खाली काढलं. जुने पाने, दोरखंड, पाण्याचा डबा, देवाच्या तसबिरीसुद्धा. मग वजनकाट्यावर स्वतः जाऊन उभे राहिले. "अडुसष्ट किलो," ते गंभीरपणे म्हणाले. "सारं उतरवलं ताई. आता मीच उरलो. मले उतरवलं तं चालवन कोण?" मी खूप हसले. तेही हसले, पण त्यांचं लक्ष चाकाकडेच होतं.

दुरुस्तीसाठी गाडी गॅरेजला पाठवायची तर दोन दिवस काम बंद. हंगामात ते परवडायचं नाही, आणि हंगाम संपला की माझ्या लक्षातून जायचं. आजही मला स्वतःचा राग येतो तो याचा. मी 'नाही' असं कधी म्हटलं नव्हतं. मी नुसतं "बरं" म्हणत राहिले होते.

मग हैद्राबादहून मॅनेजरचा फोन आला. "मॅडम, डीज़ल गाड़ी पी रही है या ड्राइवर?"

मी म्हणायला हवं होतं की गाडी आजारी आहे. मी म्हटलं, "देखती हूँ, सर."

त्याच आठवड्यात मला त्यांच्या सीटमागे निळा कॅन दिसला. हुंगला तर डिझेलचा वास. विचारलं तेव्हा ते सरळ बोलले. डिझेलचा काटा मेलेला आहे, टाकीत किती उरलं ते कळत नाही, वाटेत गाडी थांबू नये म्हणून थोडं जवळ ठेवतो. हेही त्यांनी मला आधी सांगितलं असणार. मला आठवेना. न आठवलेली गोष्ट खोटी वाटायला फार सोपी असते.

मॅनेजरने काकांकडून लेखी खुलासा मागवला. दुपारची वेळ होती. ते टेबलासमोर उभेच राहिले, बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ते बोलत गेले आणि मी लिहीत गेले. वारा, कच्चे रस्ते, सेल्फ, काटा. या चार ओळी मी लिहिल्या. मग ते चाकावर आले. "रिकामी गाडी उतारावर सोडली तरी पळत नाई ताई. मागून कोनीतरी पदर धरल्यावानी वाटते. थे चाक उघडून पाहा म्हणा सायबाले."

मला घाई होती, हैद्राबादचा फोन पुन्हा वाजत होता. माझी लेखणी तिथं थांबली. मनात आलं, ही कारणं मॅनेजरला पटायची नाहीत, उलट मीच ड्रायव्हरला सांभाळून घेते असं दिसेल.

"लिवलं का ताई, चाकाचं?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी मिनिटभर लावून सही केली. त्या कागदाखाली माझा शेरा गेला, 'समाधानकारक खुलासा नाही.' आठ दिवसांनी त्यांना कामावरून कमी केलं. जाताना ते नव्या ड्रायव्हरला बराच वेळ काही समजावत होते. तो मोबाइल बघत मान हलवत होता.

नव्याच्या हातात गाडी आठवर आली. मॅनेजर तडकला आणि शेवटी गाडी निर्मलच्या एका गॅरेजात गेली. मीही गेले होते. मेकॅनिकने उजवं मागचं चाक उतरवून ड्रम काढला तेव्हा तो तापून तापून निळा पडलेला दिसला. ब्रेक आत अडकून बसला होता, सुटतच नव्हता. गाडी किती महिने ब्रेक लावूनच चालत होती. मग त्याने एअर फिल्टर काढला. जिनिंगच्या आवारात उडणारा कापूस आत शिरून शिरून त्याची घट्ट उशी झाली होती.

"आधी कोण चालवत होतं?" मी सांगितलेले नऊ-आठचे आकडे ऐकून मेकॅनिकने हिंदीत विचारलं. "अशा गाडीनं त्याने नऊ काढलं? हात चांगला आहे त्याचा."

दुरुस्त होऊन आली ती गाडी तेरा देऊ लागली. त्या आठवड्यात मला जेवण गोड लागलं नाही.

मॅनेजरला सगळं सांगितलं. तो म्हणाला, झालं ते झालं, आता ड्रायव्हर आहे ना. कंपनीच्या शिक्क्याचं पत्र द्यायलाही त्याने नकार दिला. मग मी साध्या कागदावर स्वतःच्या हाताने लिहिलं की हा माणूस निर्दोष होता, दोष गाडीत होता आणि चूक माझी होती. तो कागद घेऊन एका रविवारी त्यांच्या गावाला गेले.

ते ज्वारीच्या रानातून आले. घरात बसवलं, बायकोला चहा टाकायला सांगितलं. त्यांच्या आधी तीच बोलली. "ताई, यायले कोनी गाडी देत नाई आता. डिझेल इकते म्हणतात." एवढं बोलून ती आत गेली.

मी खाली मान घालून म्हटलं, "काका, त्या दिवशी मी चाकाचं लिहिलंच नव्हतं."

"मले माहीत हाये."

मी वर पाहिलं.

"मले वाचता येत नाई ताई, पन पेन थांबला का चालला थे तं दिसते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "मंग मी इचार केला, ताईच असं करून राह्यल्या तं काही कारन असंन."

"मग सही का केलीत?"

"तुमी हो म्हटलं ना."

मी कागद पुढे केला. त्यांच्या सांगण्यावरून मोठ्याने वाचून दाखवला, बायकोलाही बाहेर बोलावलं. त्यांनी कागद उलटून पाहिला. "शिक्का नाई?"

"नाही मिळाला."

"असू द्या." त्यांनी तो नीट घडी करून पेटीत ठेवला. नव्या कामासाठी मी दुसऱ्या कुणाशी बोलते म्हटलं, तर हात जोडून नको म्हणाले. "आता गाडीत बसलो का वाटते, सारे टाकीकडंच पाहून राह्यले." मग विचारलं, "गाडी बरी हाये ना पन? काय निंगालं?"

मी ड्रमचं सांगितलं, कापसाच्या उशीचं सांगितलं. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. त्यांचा चेहरा इतका उजळला की माझ्याच्याने तिकडे बघवेना.

बसपर्यंत सोडायला ते हमरस्त्यापर्यंत चालत आले. वाटेत पावसाबद्दल आणि नातवाबद्दल बोलले. रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी कापूस लादलेली एक पिकअप उभी होती, इंजिन चालू ठेवून. माझी बस आली. मी चढले, खिडकीशी बसले आणि निरोप घ्यायला वळून पाहिलं.

ते बसकडे पाहतच नव्हते. त्या पिकअपच्या ड्रायव्हरपाशी जाऊन दोन्ही हात पसरून त्याला वरच्या बोऱ्यांचं काहीतरी सांगत होते. बस निघाली. ते अजून बोलतच होते आणि त्या ड्रायव्हरने काच वर घेतली.