पुतण्याच्या वहीत मी लिहिलेलं खोटं

गिरण्यांचा संप लांबत गेला, तसा मी लालबागची खोली सोडून मुलुंडला थोरल्या भावाकडे आलो. दोन खोल्या, आणि त्यात मी चौथा. भाऊ-वहिनी दोघंही ऑफिसात जात. पाच वर्षांचा पुतण्या दिवसभर माझ्याजवळ. मी सातवीत शाळा सोडलेला, गाव पार कणकवलीच्या पलीकडे. 'दुसरं काम कधी बघणार?' असं वहिनीनं एकदाही विचारलं नाही. त्यामुळेच मला जास्त धास्ती वाटायची. पोराला सांभाळायचं काम मी नोकरी समजून करायचो.

तो बोलत नसे. कपड्यांचे रंगीत चिमटे जमिनीवर रांगेत लावी. त्यातला एक हलला तर भिंतीवर डोकं आपटी. कुकरची शिटी झाली की कान दाबून मोरीत जाऊन बसे. मात्र दारावर येणाऱ्या कोळणीची "बोंबील घ्या गो, ताजं बोंबील!" ही हाळी तो तिच्याच सुरात काढायचा. कोळीण हसून म्हणायची, "टोपली घे बाबा तूच, मी बसतंय घरी!" त्या हाळीची आठवण झाली की अजून मला ती मुलुंडची गॅलरी दिसते.

घाटकोपरला एक डॉक्टरीणबाई अशा मुलांचा अभ्यास करत होत्या. ऑटिझम हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ऐकला. तोवर शेजारी 'वेडसर' म्हणायचे, आणि गावाकडे 'बाहेरचं' म्हणायचे. बाईंनी दोन वह्या दिल्या. दिवसाची मी लिहायची, संध्याकाळची वहिनीनं. मूल केव्हा बिथरतं, त्याआधी काय घडतं, किती वेळ चालतं, सगळं. "अक्षराची काळजी नको, दिसेल ते लिहा," म्हणाल्या.

मी महिनाभर काय लिहिलं? 'जेवला. खेळला. त्रास नाही.' रोज तेच.

ही सवय गिरणीतली. सहा वर्षं मी कापड विणायच्या साचेखात्यात काढली होती. धागा तुटला तर गुपचूप जोडायचा आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आला की 'सगळं बरोबर' म्हणायचं. साहेबाच्या वहीत चढलेली चूक शेवटी कामगाराच्याच अंगावर येते, हे आम्ही पहिल्याच महिन्यात शिकलो होतो. पोराचं बिथरणं लिहिलं तर बाई म्हणतील, याला सांभाळता येत नाही. मग मी या घरात कशासाठी? तो हाताला चावला तरी मी बाही खाली ओढून बसायचो.

महिन्यानं आम्ही सगळे घाटकोपरला गेलो. बाईंनी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. वहिनीची पानं भरलेली होती: साडेसहाला ओरडला, सातला डोकं आपटलं.

"दिवसभर काकांजवळ शांत," बाई म्हणाल्या. "ताई, तुम्ही घरी येता तेव्हा नेमकं काय घडतं?"

वहिनीची मान खाली गेली. भाऊ हळूच पुटपुटला, "गावाहून आईनं पत्रात लिहिलंय तेच निघालं ना? तू जवळ नसतेस म्हणून होतं हे. सोड ती नोकरी."

वहिनीच्या हातचं मी दोन वेळा जेवत होतो.

"खोटं आहे ते," मी म्हणालो.

"काय खोटं?"

"माझी वही. तो दिवसाही बिथरतो. रोज."

मला वाटलं, आता हाकलतील. पण बाईंनी पेन उघडलं. "सांगा. कशानं बिथरतो?"

"कुकरच्या पहिल्याच शिटीला. त्याच्याआधी उजव्या हाताची बोटं डोळ्यांपुढं नाचवतो. तेवढ्यात चादर गुंडाळून घट्ट धरला तर कधी कधी थांबतो." शंभर साचे चालू असताना बिघडलेला एक साचा विणकराच्या कानाला कळतो. तसंच मला ते कळायचं, पण कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. "आणि बाई, संध्याकाळी साडेसहाला आख्ख्या बिल्डिंगचे कुकर लागतात. वहिनी नेमक्या तेव्हाच येतात."

बाई लिहीत राहिल्या. मग भावाकडे बघून म्हणाल्या, "कुकरमुळेच असेल असं मी आज म्हणणार नाही, अजून बघायला हवं. पण आईमुळे हे होत नाही. मी दोष विचारत नव्हते, काय घडतं ते विचारत होते."

बाहेर आल्यावर वहिनी माझ्यावर उसळली. "भाऊजी, महिनाभर मला वाटत होतं, मीच वाईट आई आहे. कळतंय का तुम्हाला?" मग ती भावाकडे वळली, "आणि तुम्ही हो! सासूबाईंना पत्र टाका. नोकरी चालू आहे म्हणावं."

भाऊ 'हो' म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नव्या वहीत मी लिहिलं: 'सव्वानऊ. शेजारी कुकर. मोरीत गेला. मी ओढायला गेलो, चावला. चूक माझी.' संध्याकाळी वहिनीनं पर्सही खाली न ठेवता ती वाचली.

"हात बघू," म्हणाली, आणि हळदीचा डबा काढला.