कुमुदबाईंनी मुद्दाम केलेली चूक

कुमुदबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा माझं बोट चुकीच्या पानावर होतं. घोडेगावच्या शाळेत मी तिसरीत होते आणि बाई नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्यांनी धडा वाचायला सांगितला. मी उभी राहिले आणि ओळींवरून बोट फिरवत तो खडाखडा म्हणून दाखवला. मला वाचता येत नव्हतं. इतरांचं ऐकून धडे पाठ करायचे, एवढीच माझी विद्या. बाई शेजारी आल्या, त्यांनी उघड्या पानाकडे पाहिलं आणि "बस हं" इतकंच म्हणाल्या. माझे कान तापले.

बाईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या शिस्तीवर आणि व्यासंगावर जाणकार मंडळी लिहितीलच. माझ्याकडे सांगण्यासारखं आहे ते हे एवढंच, आणि ते लिहितानाही मला लाज वाटते. आज मी सावेडीतल्या एका शाळेत मराठी शिकवते. माझ्या सहकाऱ्यांना यातलं काहीही ठाऊक नाही.

बाईंची परीक्षा कधी परीक्षेसारखी वाटायचीच नाही. मधल्या सुट्टीत त्या एकेकाला पायरीवर शेजारी बसवत, घरच्या गप्पा काढत, काय आवडतं ते विचारत. बोलता बोलता एखादा कागद पुढे सरकवत आणि मूल कुठे अडखळतं ते बघत. गुण नाहीत, शेरा नाही. कुणासाठी ट्रॅक्टरचा मजकूर, कुणासाठी भुताचा.

माझी पाळी आली. "तुला काय आवडतं गं?"

"म्हशी," मी पुटपुटले आणि कुणी ऐकलं तर नाही ना, ते पाहिलं. वडील जनावरांच्या बाजारात म्हशींचे सौदे जुळवून देत. मला त्याचीसुद्धा लाज वाटे.

"मग सांग की मला."

मी आमच्या चंद्रीबद्दल सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी माझीच वाक्यं बाईंनी ठळक अक्षरांत लिहून आणली. मग दर आठवड्याला चंद्रीचा नवा कागद येऊ लागला. शब्द माझेच असल्यामुळे अक्षरं हळूहळू ओळखीची होऊ लागली. तरी मी कागद पाठ करायचं सोडलं नव्हतं. खोड ती खोडच.

एके दिवशी नव्या कागदावर होतं, 'चंद्री दोन्ही शिंगांनी गोठ्याची ताटी ढकलते.' मी थबकले.

"बाई, चुकलंय! चंद्रीला एकच शिंग हाय. डावं मोडलंय, म्या सांगितलं हुतं की!"

"असं कुठे लिहिलंय?"

"ह्ये काय, 'दोन्ही' लिवलंय!" मी शब्दावर बोट ठेवलं.

बाई हसल्या. "मग वाचलंस की तू."

मी रडायला लागले. बाईंना पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, हे तेव्हा लक्षात आलं आणि वाचता आल्याच्या आनंदापेक्षा ती लाज मोठी होती. पण बाईंनी हे कधी कुणाला कळू दिलं नाही. आई बाजारात भेटली की विचारायची, "पोरगी वाचती का वो बाई?" बाई म्हणायच्या, "गोष्टी फार छान सांगते. वाचनही येतंय मागून."

मागच्या महिन्यात मी त्यांच्या घरी गेले होते. दोन चमचे साखर घातलेला चहा घेत बाई बसल्या होत्या. "हे सगळं लिहू का?" मी विचारलं.

"लाज तुझी आहे, तूच ठरव," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या वर्गात कुणी असंच बोट फिरवत असेल, तर लिही."

तशी एक मुलगी माझ्या वर्गात आहे. तिला क्रिकेटचं वेड आहे. सध्या मी तिच्यासाठी कागद लिहिते आहे.

गौरव समारंभात हा लेख मलाच वाचायचा आहे. समोर माझे सहकारी असतील, ती मुलगी असेल आणि पहिल्या रांगेत बाई. वर लिहिताना मी त्यांच्या चहात मुद्दाम साखर घातली आहे. बाई बिनसाखरेचा चहा घेतात, हे त्यांच्या साऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. त्या ओळीपर्यंत मी मान खाली घालूनच वाचेन, पण तिथे पहिल्या रांगेतून "चुकलंय!" असं ऐकू येईल याची मला खात्री आहे. बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो आणि आमच्या चुका पकडणारा तो आवाज आम्हाला पुष्कळ वर्षं ऐकायला मिळो. तेवढा एक शब्द कानावर पडला, की उरलेला लेख मी लाज न वाटता वाचेन.