फ्लेक्सवरचा चौथा चेहरा

वडलांच्या पंच्याहत्तरीला माझ्या हाताला सात टाके पडले. कोयता त्यांचाच होता. शिरूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशानं लागलं?" मी म्हटलं, "सत्कारात." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, पण आमच्या भागातल्या सत्कारांची त्यांना कल्पना असावी. पुढं काही विचारलं नाही.

चूक माझी. नाकबूल करायची सोयच नव्हती, कारण माझी चूक बारा फूट लांब, आठ फूट उंच होती आणि फाट्यावर बांधलेली होती.

आबांच्या, म्हणजे वडलांच्या, पत्र्याच्या पेटीत जुन्या फोटोंचा अल्बम आहे हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. बघू का म्हटलं की आबा म्हणायचे, "त्यात काय बघायचं? मेलेली माणसं हायती." आई गेली तेव्हासुद्धा भिंतीवर लावायला त्यांनी तिचा आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला, पण पेटी उघडली नाही. म्हणून मी ठरवलं, पंच्याहत्तरीला आबांना चकित करायचं. ते डेअरीवर दूध घालायला गेले आणि मी देवघरातल्या डबीतून किल्ली काढली.

वीसेक फोटो निघाले. त्यातला एक त्यांच्या लग्नातला. मुंडावळ्या बांधलेले आबा, शेजारी आई, आईच्या बाजूला माझी आत्या, आणि आत्याच्या बाजूला एक माणूस. फेटा, कोट, हातातला रुमाल, सगळं जिथल्या तिथं. फक्त फेट्याखाली चेहरा नव्हता, पांढरा कागद होता.

आता सांगायला लाज वाटते, पण मी एमआयडीसीतल्या कंपनीत क्वालिटीला आहे. पार्टवरचा ओरखडा कशानं पडला हे ओळखायचा मला पगार मिळतो. मी फोटो उजेडात धरला, अंगठ्यानं चाचपला आणि निकाल दिला, कसर लागली. कसर फेटा सोडून, कोट सोडून नेमकं तोंड तेवढं खाते का, हा प्रश्न मला पडलाच नाही. ब्लेडच्या रेघा होत्या, एकीवर एक, रागानं ओढलेल्या. कंपनीत असा पार्ट पास केला असता तर मला गेटबाहेर काढलं असतं.

बायको म्हणाली, "आधी आत्यांना दाखवा. त्या आहेत ना त्यात?"

"सरप्राइज आहे."

"तुमची सरप्राइजं," ती म्हणाली आणि पातेलं आपटलं.

आत्या माझ्या जन्माआधीपासून आमच्यातच राहते. नवऱ्याकडं नांदली नाही, एवढंच आम्हाला सांगितलेलं. तिचा डावा हात कोपरातून वाकडा आहे, सरळ होत नाही. बैलगाडीतून पडली होती, असं आम्ही ऐकलेलं. नवऱ्याचं नाव घरात कुणी काढायचं नाही आणि आम्हीही कधी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारणं ही शिस्त होती. मी ती फारच मनापासून पाळली.

पाहुण्यांच्या ग्रुपवर मी फोटो टाकला. 'एक चेहरा कसरीने खाल्ला आहे. कुणाकडे चांगली प्रत असल्यास पाठवावी.' अर्ध्या तासात आईच्या माहेरच्या कुणीतरी तोच फोटो चेहऱ्यासकट पाठवला, खाली जोडलेले हात. देखणा माणूस होता, कल्लेदार मिशांचा. असेल कुणीतरी मोठा पाहुणा, म्हणत मी तो फ्लेक्सवाल्याकडं पाठवून दिला. त्यानं सवयीप्रमाणं आबांना मधोमध उभं केलं, उरलेल्या तिघांना कमरेपर्यंत कापून गोलात घातलं आणि वर लिहिलं, 'शुभेच्छुक'. माझी गेलेली आईसुद्धा शुभेच्छुक झाली. मी म्हटलं, छान.

एक फ्लेक्स आदल्या दिवशी, आबा संध्याकाळचं दूध घालून घरी परतल्यावर, फाट्यावर लावला. दुसरा अंगणात, आबांच्या खुर्चीमागं, चादरीनं झाकून.

सकाळी मांडवात माणसं जमत होती. एक म्हातारा पाय ओढत आला, बरोबर दणकट पुतण्या. नदीपलीकडचे, दौंडकडचे वाटत होते.

"वळखलं का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"व्हय तर! न वळखायला काय झालं, मामा?"

आमच्याकडं दारात आलेल्या पाहुण्याला 'नाही ओळखलं' म्हणणं म्हणजे त्याच्या थोबाडीत मारणं. मी वाकून पायासुद्धा पडलो.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. "पुतण्यानं मोबाइलवर फाट्यावरचा फोटू दावला. म्हटलं, पाव्हण्यांनी इतकं मन मोठं क्येलं, तर आपुन कशाला मागं ऱ्हायचं?"

मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं. मांडीवर शाल, शालीवर नारळ.

आबा फेटा बांधून आले. मी माइकवर म्हटलं, "आता आबांसाठी एक गोड धक्का," आणि चादर ओढली. टाळ्या पडल्या. आबांनी वळून फ्लेक्स बघितला. मग समोर बघितलं. तोच चेहरा पहिल्या रांगेत बसून हात जोडत होता, फक्त मिशा पांढऱ्या झालेल्या.

"ह्यो हितं कसा?" आबा म्हणाले. एवढंच, हळू आवाजात.

मांडवाकडेला वैरणीत कोयता खोचलेला होता. पहिला घाव फ्लेक्सवर बसला, चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत फाटला. म्हाताऱ्याला पळता येईना. खुर्चीचा पाय मोडला आणि तो उताणा पडला. "तवा पाय मोडून सोडला रं तुला," आबा ओरडले, "आज सोडत न्हाई!" आणि कोयता वर गेला.

मी मधे हात घातला. शूर होतो म्हणून नव्हे, मला अजून वाटत होतं की काहीतरी गैरसमज झालाय आणि तो मी दोन मिनिटांत दूर करीन. पातं माझ्या दंडावरून सरकलं. आधी गरम लागलं, मग रक्त. पुतण्यानं आबांची गचांडी धरली, माझे दोन चुलतभाऊ पुतण्यावर पडले, एकानं त्याच्या तोंडावर गुडघा घातला. दात पडल्याचा आवाज येत नाही, थुंकल्यावर कळतं. आबांचा फेटा सुटून पायात आला, बुंदीचं घमेलं उलटलं, आणि कोयता अजून आबांच्या हातातच होता. पंच्याहत्तरीला आमचा बाप तुरुंगात जाणार आणि तो मी पाठवणार, हे मला तेव्हा स्वच्छ दिसलं.

आत्या औक्षणाचं ताट घेऊन दारात आली होती. तिनं ताट उंबऱ्यावर ठेवलं, दिवा विझू नये म्हणून वाऱ्याच्या आड. मग चालत आली. आबांच्या हाताला हात लावून म्हणाली, "दादा, सर जरा."

आबा सरले.

म्हातारा जमिनीवरून म्हणाला, "झालं गेलं... आता तुमीच बोलावलं म्हनून..."

आत्यानं माझ्याकडं बघितलं. "तू बोलावलं?"

"फ्लेक्सवाल्यानं ते गोल..." मी सुरू केलं.

"तू बोलावलं का?"

"व्हय."

तिनं घरंगळलेला नारळ उचलला आणि उजव्या हातानं म्हाताऱ्याच्या खांद्याजवळ हाणला. नारळ फुटला नाही. खांद्यातलं हाड फुटलं. तो किंचाळला. तिनं परत हात उचलला, थांबली आणि नारळ टाकून दिला.

पुतण्या तोंडातलं रक्त पुसत म्हणाला, "दवाखान्यात काय सांगू मी?"

"बैलगाडीतनं पडला म्हनून सांग," आत्या म्हणाली. "कुऱ्हाडीचा दांडा माझ्या हातावर मोडला त्यानं, तवा मी बी त्येच सांगितलं हुतं."

पुतण्यानं म्हाताऱ्याला उचलून जीपमध्ये घातलं. जीप धुरळा उडवत गेली.

माझ्या दंडाला टॉवेल गुंडाळत होते तेवढ्यात आबांनी घरातून अल्बम आणला आणि आमटीच्या चुलाणात फेकला. आत्यानं जाळात हात घातला. वाकडा हात, कारण तोच जवळ होता. पदरानं ठिणग्या झोडपल्या.

"ठिऊन काय करायचं त्याला?" आबा म्हणाले. "मी त्याचं थोबाड खरवडलं, तुझ्यासाठीच ना?"

"मला इचारलं हुतं? त्याला खरवडला त्ये बरं क्येलं. पर मला बी त्याच्याबरुबर पेटीत कोंडली की. पन्नास वर्सं! ह्यो बघ." तिनं कडा जळलेला लग्नाचा फोटो आबांच्या नाकाशी धरला. "हितं माझा हात सरळ हाय. कसा दिसायचा, मलाच ठावं न्हवतं राहिलं."

मी मान घालून बघितलं. सरळ होता. खांद्यापासून बोटांपर्यंत, चुड्यासकट. अल्बममध्ये परत ठेवण्याआधी तीन दिवस तो फोटो माझ्या खिशात होता आणि मी मिशा बघत बसलो होतो.

आबा मटकन खाली बसले. आत्यानं त्यांना फार वेळ बसू दिलं नाही.

"उठ. फाट्यावर अजून एक टांगलाय ना ह्यानं?"

"आत्या, मला टाके..."

"टाके मागनं घाल. जाता जाता उतरव."

असे आम्ही तिघं फाट्यावर गेलो. मांडवगणाकडं जाणाऱ्या एसटीतली माणसं खिडकीतून बघत होती. फेटा नसलेल्या आबांनी शिडी धरली, मी कोयता घेऊन वर चढलो. टॉवेलातून ठिबकणारं रक्त आबांच्या सदऱ्यावर पडत होतं, ते झटकत नव्हते. मी वरच्या दोरीला कोयता लावला.

खालून आत्या ओरडली, "आरं मुडद्या, समदं नगं! त्याला तेवढा काढ. मला ऱ्हाऊ दे."

"आगं, भोक बघून लोकं इचारतील," आबा म्हणाले.

"इचारू दे. माझ्याकडं पाठवा, सांगते."

मी कोयत्याचं टोक फ्लेक्समध्ये खुपसलं. "आत्या, नुसता चेहरा काढू का फेट्यासकट?"

"समदाच्या समदा," आत्या म्हणाली. "आन् माझ्या दंडाला धक्का लागला, तर शिडी वढीन."