बिशन कौरची देग

आमच्या गुरुद्वाऱ्यात बिशन कौरची जागा ठरलेली होती. पायऱ्यांच्या डाव्या हाताला जोड्यांची खोली, तिथे. लोक वर माथा टेकायला जायचे आणि ती खाली त्यांच्या बुटांवरची लाल माती पुसायची. इपोहकडून येणारी टिनच्या खाणींची ती माती, एकदा चामड्यात बसली की सहज निघत नाही.

सगळे तिला बिशनी म्हणायचे. ‘कौर’ लावताना जीभ जड व्हायची त्यांची. मी चाची म्हणायचो, कारण आम्ही एकाच आळीतले, एकाच जातीचे. मजहबी, शिखांतले अस्पृश्य. आमच्या आजोबांच्या पिढीने पंजाबातून मलाया गाठला तेव्हा समुद्रात बाकी सगळ्यांना बोट लागली, जातीला तेवढी लागली नाही. ती ठणठणीत उतरली. गुरूच्या घरात सगळे एका पंगतीत बसतात, हे खरं. आम्हीही बसायचो. पण ज्या हातांनी कणीक मळायची, देगची, म्हणजे परशादाच्या शिऱ्याची, कढई हलवायची, ते हात कुणाचे हे न बोलता ठरलेलं होतं.

चाचीचा नवरा ईशर सिंग एका चिनी शेठच्या गोदामाबाहेर खाट टाकून जन्मभर राखण करत होता. तो गेला. त्याच्या नावाने म्हाताऱ्या ग्यानींनी ग्रंथाचा पाठ बसवला, रविवारी त्याचा भोग, म्हणजे समाप्ती होती. देगचं सामान घरच्यांनी द्यायचं असतं. चाचीने कणीक, साखर आणि तुपाचा डबा लंगरात नेऊन ठेवला. सामान लगेच आत गेलं. त्याला कुणी जात विचारली नाही.

भोगाच्या आदल्या रविवारी दिवाण, म्हणजे कीर्तन-प्रवचनाची सभा, संपल्यावर ती प्रधानांसमोर उभी राहिली. प्रधान म्हणजे गुरुद्वाऱ्याचे अध्यक्ष नरंजन सिंग, लॉऱ्यांचे मालक.

"प्रधानजी, भोगाची देग मी करते."

"अगं बिशनी, ग्यानीजी आहेत की. तू कशाला धुरात मरतेस?"

"मरायचं नाही म्हणत, करायचं म्हणतेय. न्हाऊन, पाठ म्हणत करीन. कुणीही करावी अशीच रीत आहे ना?"

"रीत आहे, पण..."

"पण काय?"

त्या ‘पण’चं पुढे काय करायचं ते प्रधानांना कळेना. मग त्यांनी भाषणच ठोकलं. "संगतजी, या बाईकडे बघा! जोड्यांची सेवा! याहून थोर सेवा गुरूच्या घरात नाही. मला तर हिचा हेवा वाटतो."

बायकांनी ‘वाहेगुरू’ म्हणत माना डोलावल्या. वर्षानुवर्षं आम्हाला असंच गोड बोलून पायऱ्यांपाशी बसवलंय. शिवी दिली असती तर निदान उलटून देता आली असती.

चाची म्हणाली, "हेवा कशाला करता? येत्या रविवारी घ्याच ती थोर सेवा. हलकी माझ्याकडे द्या. मी कढई हलवते, तुम्ही जोडे पुसा."

मागे बसलेली पोरं फिस्सकन हसली. प्रधानांची दाढी हलली. भरल्या संगतीत नाही कसं म्हणणार? "हो, हो. का नाही!" म्हणाले.

त्यांची बायको हरनाम कौर नळावर हात धुताना मैत्रिणींना सांगत होती, मी ऐकलं. "तिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरायचं नाही. गुरू महाराजांसमोर नाकारता येत नाही म्हणून घेईन, आणि बाहेर नेऊन टाकीन." चाची दोन हातांवर होती. तिने ऐकलं नसेल असं होणारच नाही. हरनाम कौरचे सोनेरी पट्ट्यांचे सँडल तिने नेहमीसारखे पुसले आणि फळीवर ठेवले.

भोगाच्या दिवशी अर्धं सभागृह रिकामं. कुणाला ताप आला होता, कुणाकडे पाहुणे आले होते, आणि एका घरात तर मागेच मेलेली आत्या पुन्हा मेली होती. चाचीने पहाटे न्हाऊन कढई चढवली. तुपात कणीक बदामी होईस्तोवर हात थांबला नाही, ओठही थांबले नाहीत. प्रधान खाली जोड्यांच्या खोलीत फडकं दोन बोटांत धरून थोडा वेळ उभे राहिले. अरदासीला, शेवटच्या प्रार्थनेला, लोक उभे राहताच गुपचूप वर जाऊन पहिल्या रांगेत घुसले. आलेल्यांचे जोडे पायऱ्यांवरच पडले, एकावर एक.

ग्यानींनी रीतीप्रमाणे देगला किरपाण टेकवली आणि ती वाटली. त्या म्हाताऱ्याने स्वतःचा वाटा तिथेच खाल्ला आणि बोटं चाटली. हरनाम कौरने ओंजळ पुढे केली, शिरा घेतला, मूठ मिटली, वर ओढणी टाकली आणि निघाली.

बाहेर तिचे सँडल ढिगाच्या तळाशी. पट्ट्याला बक्कल, दोन हातांशिवाय लागत नाही. एका हातात देग, त्या हाताने जोड्यांना शिवायचं कसं? सगळे बघत होते. चाची वरच्या पायरीवर येऊन उभी होती.

"बिशनी, माझे सँडल काढ."

"आज माझी पाळी नाही, बिबीजी. प्रधानजींची आहे."

"अगं, माझा हात अडकलाय."

"काय झालं हाताला?"

"परशाद आहे."

"मग खा की. घास तोंडात गेला की हात मोकळा."

हरनाम कौरच्या बोटांमधून तूप ओघळायला लागलं. रेशमी कुडत्याच्या बाहीवर डाग पसरला. तिने नवऱ्याला शोधलं, तो वर माईकपाशी. शेवटी ती अनवाणी निघाली. दुपारचं तापलेलं डांबर, गाडीपर्यंत टुणटुण उड्या मारत गेली, पण मूठ उघडली नाही. वळणावर गाडीची काच खाली झाली, एवढं आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

चाची माझ्याकडे वळली. "तूप चांगलं होतं रे," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी प्रधानांचा निरोप आला की बिशनीला जोड्यांवर पाठवा. ती आली. चपला बाकीच्यांच्या ढिगात काढल्या, वर गेली आणि बायकांच्या पहिल्या रांगेत बसली. हरनाम कौर सरकून बसली. चाचीने ती जागाही घेतली, ऐसपैस.

सोनेरी पट्ट्यांचे ते सँडल पुढे बरेच दिवस पायऱ्यांच्या कोपऱ्यात पडून होते. न्यायला कुणी येईना, आणि उचलून फळीवर ठेवायला आता कुणी नव्हतं.