चोर पकडायचा तास

बी.एड. होऊन मी मुलुंडच्या एका मराठी शाळेत लागले, तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी मला आठवीचं मराठी दिलं आणि वर म्हणाल्या, "धडे, कविता, व्याकरण तुम्ही घ्या. निबंध मात्र आपल्या जुन्या सरांकडेच राहू दे. तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि ते कसं घेतात ते बघा."

मला जरा लागलंच ते. नवी कोरी पदवी घेऊन आले होते, आणि पुन्हा बाकावरच बसायचं?

सर पन्नाशीचे होते. मालवणकडचे. अंगाने काटकुळे, पांढरा बुशशर्ट, उजव्या खिशाच्या कडेला कायम खडूची पूड. स्टाफरूममध्ये फारसं बोलायचे नाहीत. चहा प्यायचे, कप स्वतः विसळून ठेवायचे आणि खिडकीशी उभे राहायचे. माझ्याशी पहिल्या आठवड्यात एवढंच बोलले, "बाई, मागच्या बाकाचा खिळा वर आलाय. साडी सांभाळा."

वर्गात शिरले की मात्र माणूस बदलायचा.

मी पाहिलेला त्यांचा पहिला तास अजून आठवतो. विषय होता 'आमच्या घरची सकाळ'. एक मुलगा उभा राहून वाचायला लागला, "पूर्व दिशेला तांबडं फुटलं होतं. पक्ष्यांचा किलबिलाट चालला होता."

"थांब," सर म्हणाले. "राहतोस कुठे रे?"

"टेकडीखालच्या चाळीत, सर."

"तुमच्या दारासमोर काय आहे?"

"भिंत. कंपनीची."

"केवढी उंच?"

मुलाने हात वर करून दाखवलं, मग टाचा उंचावून आणखी वर.

"मग तांबडं दिसलं कुठून तुला?"

वर्ग हसला. तोही हसला. सर त्याच्या बाकापाशी गेले. "बरं, डोळे उघडायच्या आधी काय ऐकू येतं?"

मुलाने विचार केला. "नळ, सर. पाणी यायच्या आधी तो खाकरतो."

सर वर्गाकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? नळ खाकरतो! आता हे दुसऱ्या कुणाला सुचेल का? लिही रे बाबा. हेच लिही. तांबडं राहू दे दुसऱ्यांना."

त्या दिवसापासून मला मागच्या बाकाचा कमीपणा वाटेनासा झाला. मी वही घेऊन बसायला लागले. मुलांना लिहायला शिकवायचं म्हणजे आधी त्यांना त्यांच्याच घरात नेऊन सोडायचं, हे मला बी.एड.च्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं. गिरणी बंद पडून घरी बसलेले वडील, मरोळच्या कारखान्यात जाणारी आई, शेजारणीशी पाण्यावरून झालेलं भांडण, सगळं त्या वर्गात यायचं. मुलं मालवणीत लिहायची, अर्धं हिंदीत लिहायची. सर आधी पूर्ण ऐकून घ्यायचे आणि शुद्धलेखनाकडे नंतर वळायचे.

शुद्धलेखनासाठी त्यांचा एक खेळ होता. फळ्यावर चार-पाच ओळी लिहायचे आणि त्यात मुद्दाम चुका लपवायचे. कुठे ऱ्हस्वाचं दीर्घ, कुठे काना गायब. चूक दिसली की मुलांनी "चोर!" म्हणून ओरडायचं. सर दचकल्यासारखं करायचे, कपाळाला हात लावायचे, "पकडलात की रे मला!" म्हणायचे. शेजारच्या वर्गातून तक्रारी यायच्या. पण त्या मुलांच्या वहीत चुका कमी व्हायच्या, हे शेजारच्या वर्गालाही दिसायचं.

सहामाही परीक्षा झाल्यावर, जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास होता. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत होते, मी मागे बसले होते. पहिली ओळ नीट होती. दुसऱ्या ओळीत एका शब्दातली अक्षरं उलटसुलट झाली.

"चोर!" एक मुलगी ओरडली.

सर लिहीतच राहिले. पुढच्या शब्दाला डोक्यावरची रेघ होती, खाली अक्षरच नव्हतं.

"चोर! चोर!" आता सगळेच ओरडायला लागले. इतके चोर एकदम कधी सापडले नव्हते. कुणी बाक वाजवले. सर पुढे लिहीत होते आणि फळ्यावर नुसते आकडे, वेलांट्या, काहीतरी उमटत होतं. मलाही हसू आलं. वाटलं, आज सर रंगात आहेत.

मग ते वळले. तोंडाची एक बाजू खाली ओघळली होती. मुलं अजून हसत होती, कारण त्यांना वाटलं, हाही खेळातलाच भाग. हातातला खडू पडला. पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, सरांचं तोंड बघा ना."

मी धावले. शिपाई आला, पी.टी.चे सर आले, रिक्षा आणली. त्यांना खुर्चीतून खाली नेताना वर्ग उभा होता.

जीव वाचला. उजवा हात आणि पाय गेला आणि त्याच्याबरोबर भाषा गेली. डॉक्टरांनी मेंदूच्या डाव्या भागाचं काहीतरी समजावून सांगितलं. आम्हाला समजलं ते इतकंच, की सरांना बोलता येणार नाही, आणि वाचता-लिहिता येईल की नाही ते सांगता येत नाही.

एक शब्द मात्र राहिला होता. "बसा." जन्मभर वर्गात शिरताना म्हटलेला. भूक लागली तरी बसा, दुखलं तरी बसा, मला दारात बघून डोळ्यांत पाणी आलं तरी बसा, बसा, बसा.

निबंधाचा तास माझ्याकडे आला. पहिल्या दिवशी मी फळ्यावर ओळी लिहिल्या, त्यात चुका पेरल्या आणि वाट बघितली. कुणीही तोंड उघडलं नाही. तास संपल्यावर ती पहिल्या बाकावरची मुलगी माझ्यामागे जिन्यापर्यंत आली.

"बाई, आम्ही ओरडत होतो तेव्हा सरांना ऐकू येत होतं?"

"माहीत नाही गं."

"त्यांना वाटलं असेल का, की आम्ही त्यांना हसतोय?"

मी तिला जवळ घेतलं. दुसरं काय करणार?

तिनेच पुढे सुचवलं की आपण सरांना निबंध वाचून दाखवू. शनिवारी शाळा अर्धा दिवस असायची. सरांचं घर शाळेपासून चालत जाण्यासारखं होतं, दोन खोल्यांचं. मूलबाळ नव्हतं. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे काकू म्हणायला लागलो. काकू मुलांना दारापासून स्वयंपाकघरापर्यंत दाटीवाटीने बसवायच्या, हातावर चुरमुरे ठेवायच्या. मुलं एकेक करून वाचायची. सर पलंगावर उशीला टेकून ऐकायचे.

त्यांना कळतंय का, हे आम्हाला कळत नव्हतं. मग एका शनिवारी एका मुलाने वाचलं, "माझ्या आनंदाला पारावार उरला नाही." सरांनी डावा हात पलंगाच्या लाकडावर थाडकन आपटला. मुलगा दचकला, गडबडीने म्हणाला, "नाही सर, मी नुसता उडी मारून पायरीवरून पडलो होतो." सर हसले. तोंडाच्या एकाच बाजूने, पण हसले. सगळी मुलं टाळ्या वाजवायला लागली.

काकू पदराने डोळे पुसत मला म्हणाल्या, "ह्यांका सगळा समाजता गो बाय. फक्त बोलूक येणा नाय."

त्या दिवशी मला वाटलं की आता होईल. मी पाटी-पेन्सिल आणली. शाळा सुटली की जायचे आणि सरांच्या डाव्या हातात पेन्सिल द्यायचे. मी 'क' काढायचे, ते तसाच काढायचे. मी 'कमळ' लिहिलं, त्यांनी खाली लिहिलं. डाव्या हाताने, पण काय देखणं! माझ्यापेक्षा सुबक. मी आनंदाने काकूंना हाक मारली.

मग पाटी पुसली आणि म्हटलं, "सर, आता न बघता. कमळ."

ते पाटीकडे बघत राहिले. पेन्सिल टेकवली, उचलली. माझ्याकडे बघितलं. ती नजर मी वर्गात रोज बघत होते, धडा पाठ न झालेल्या मुलांच्या डोळ्यांत.

दिवसामागून दिवस हेच झालं. समोर असेल ते सर हुबेहूब उतरवायचे आणि त्यातलं एक अक्षरही त्यांना वाचता येत नव्हतं. एकदा मी पाटीवर काकूंचं नाव लिहिलं. सरांनी ते खाली वळणदार काढलं. काकू वाकून बघत म्हणाल्या, "माझा नाव लिवलात? वाचा बघू."

सर त्यांच्याकडे बघत राहिले. पुन्हा पाटीकडे. मग ओठ हलले. "बसा."

त्यांनी तळहाताने पाटी पुसली आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्यांनी हात पुढे केला नाही. त्यानंतर कधीच केला नाही. मीही पाटी पिशवीतून काढायची बंद केली.

उन्हाळ्याच्या सुट्टीत सरांचा भाऊ येऊन त्यांना गावी घेऊन गेला. मुलं निरोपाला आली होती. सर टॅक्सीत मागच्या सीटवर, डोक्याखाली काकूंचा हात. मुलं एकेक करून खिडकीशी जाऊन पाया पडायला वाकत होती आणि हात सरांच्या पायांपर्यंत पोचत नव्हता, म्हणून दाराच्या कडेलाच टेकवत होती.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आसपास ते गेले. आम्हाला कळायलाही उशीर झाला.

त्यानंतर काही महिन्यांनी काकू शाळेत आल्या, कसल्याशा कागदांवर सह्या करायला. काम उरकल्यावर मला म्हणाल्या, "बाय, ह्यांचो वर्ग खंयचो?"

इतकी वर्षं शाळेजवळ राहून त्या कधी आत आल्या नव्हत्या. मी त्यांना वर नेलं. मधली सुट्टी होती, वर्ग रिकामा होता. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "घरात कधी जास्त बोलले नाय ते. हयसर बोलत?"

"खूप बोलायचे, काकू."

"काय बोलत?"

मी सांगायला सुरुवात केली आणि मला सांगता येईना. त्यांचं बोलणं माझ्या तोंडून निर्जीव होत होतं. काकू पहिल्या बाकावर बसून, हात मांडीवर ठेवून, फळ्याकडे बघत ऐकत राहिल्या. घंटा झाली, मुलं आत यायला लागली. नवी मुलं होती, त्यांना काकू ओळखीच्या नव्हत्या. त्या लगबगीने उठल्या, "तुझो तास असतलो," म्हणाल्या आणि भिंतीचा आधार घेत जिना उतरून गेल्या.